तुम्ही न केलेली सही

ओव्हाळकाका,

परवा वाघोलीत तुमच्या जलदान विधीला तिघांनी भाषणं केली, आणि तिघांनीही माझ्याविषयी एकच खोटी गोष्ट सांगितली. मुद्दाम नाही. त्यांना ती खरी वाटत होती. प्लंबर लोकांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, "मेधाताई इथे बसल्या आहेत. ओव्हाळसाहेबांच्या हाताखाली त्यांनी दोन वर्षं पाना चालवला आणि मगच परवाना काढला. एका बाईला या लाइनीत आणणारा माणूस होता हा." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितलं. लोकांना तो विनय वाटला असणार.

मग जेवणाच्या रांगेत माझ्या मागे सबनीसबाई उभ्या होत्या. कोथरूडच्या त्या इमारतीतल्या, पहिल्या मजल्यावरच्या सबनीसबाई. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे त्यांनी, पण कोथरूडहून बस बदलत एकट्या आल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाषणं चांगली झाली. क्रम तेवढा चुकला." आणि लगेच वाढणाऱ्याला म्हणाल्या, "भात थोडाच."

क्रम चुकला हे त्या मांडवात आम्हा दोघींनाच माहीत होतं. तुम्हाला होतं, पण तुम्ही हार घातलेल्या फोटोत होता. अध्यक्षांनी जाताना मला सांगितलं की संघटनेच्या अंकासाठी ओव्हाळसाहेबांवर चार ओळी लिहून द्या. चार ओळींत हे बसणार नाही, काका. आणि हे तुमच्याकडे तोंड करूनच लिहायला हवं, कारण तुमच्यासमोर खोटं बोलणं मला कधी जमलं नाही.

तर क्रमाने सांगते.

मी सव्वीस वर्षांची होते. हिंजवडीला कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि कोथरूडात जिथे म्हणून मोकळा प्लॉट होता तिथे खणलेला खड्डा दिसायचा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली कॉम्प्युटरचे कोर्स करून अमेरिकेच्या वाटेला लागल्या होत्या. माझा सिव्हिलचा डिप्लोमा. एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात मी पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनींचे नकाशे काढायचे. एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःच प्लंबरचा परवाना का काढत नाही? डिप्लोमा आहे, अक्षर चांगलं आहे." अक्षराचा आणि प्लंबिंगचा काय संबंध, हे मी तेव्हा विचारलं नाही. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "परवाना? कसला, रिक्षाचा?"

परवान्याच्या अर्जासोबत आधीच्या एखाद्या परवानाधारकाने दिलेला अनुभवाचा दाखला जोडावा लागायचा. दोन वर्षं प्रत्यक्ष काम केल्याचा. मी तो टाइप करून घेतला आणि ऑफिसच्या साइटवर तुम्ही काम करत होता म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही पालथ्या बादलीवर बसून पाइपाला आटे पाडत होता. हात पुसलेत, चष्मा लावलात आणि सगळा कागद मोठ्याने वाचलात. "'सदर अर्जदाराने माझ्या देखरेखीखाली दोन वर्षे समाधानकारक काम केले आहे.' कवा केलं?"

"मी नकाशे काढते ना काका. तीन वर्षं झाली."

"नकाशे चांगलेच काढत असाल. पन नकाशा गळत न्हाई, मॅडम."

"फॉर्मॅलिटी आहे हो फक्त."

"मग कशाला लावता?"

लोणी काळभोरहून पुण्यात येऊन तुम्हाला तीस वर्षं झाली होती, पण 'न्हाई' काही सुटलं नव्हतं. सुटावं असं तुम्हाला वाटतही नव्हतं. कागदाची नीट घडी घालून तुम्ही तो मला परत दिलात. "उद्या नऊला या. जुने कपडे घालून या. दोन वर्षं काम करा आन् मग ह्योच कागद आना, मी सही करतो. जपून ठेवा, परत टाइप करायला नको."

मी संतापले होते. मला वाटलं, बाई आहे म्हणून हा माणूस मला कमी लेखतोय. खरं म्हणजे तुम्ही मला तेच सांगितलं होतंत जे कुठल्याही पुरुषाला सांगितलं असतंत, आणि त्या साइटवरच्या कुणीही मला तेवढा मान दिला नव्हता. पण हे कळायला वेळ लागला. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका परवानाधारकाने स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली. माझं नावही त्याने पूर्ण वाचलं नाही.

कागदात खोट काढायला जागा नव्हती. परीक्षा मी अभ्यास करून, चांगल्या मार्कांनी पास झाले. परवाना हातात आला. सासूबाईंनी देवापुढे पेढे ठेवले आणि शेजारी सांगितलं की सूनबाई पाण्याच्या कन्सल्टंट झाल्या.

मग माझ्या टेबलावर कागद येऊ लागले. नव्या इमारतीला महापालिकेचं नळाचं कनेक्शन हवं असेल तर परवानाधारक प्लंबरने लिहून द्यायचं असतं की काम मी पाहिलं आहे आणि ते नियमाप्रमाणे आहे. 'पाहिलं आहे' या दोन शब्दांखाली मी सही करायचे. ऑफिसात बसून, पंख्याखाली, चहा पिता पिता. माझं अक्षर खरंच चांगलं होतं.

पुढे वर्षभराने, एका रविवारी सकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. सासऱ्यांनी दार उघडलं, बसा म्हणाले, आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे विचारलं, "आपलं आडनाव?" तुम्ही म्हणालात, "ओव्हाळ. मूळ गाव लोणी काळभोर. वडलांनी छप्पनला दीक्षा घेतली. आमी बौद्ध." आणि मग हसून, "एकदमच सांगितलं. हप्त्याहप्त्यानं इचारायला तुमाला तरास." सासरे ओशाळले. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. चहा कोणत्या कपात येतो हे मी बघत होते. तुम्हीही बघत होता, आणि मी बघते आहे हेही तुम्ही बघितलंत. नेहमीच्याच कपात आला. तो तुम्ही सावकाश प्यायलात, कप खाली ठेवलात आणि खिशातून एक झेरॉक्स काढून माझ्यासमोर धरलीत.

"ही सही तुमची हाय ना?"

"हो."

"ह्या इमारतीत तुमी कवा गेला होता?"

मी झेरॉक्सवरचा पत्ता पुन्हा वाचला.

"चला मग. आज जाऊ."

तुम्ही सायकलवर, कॅरिअरला हत्यारांची पिशवी बांधलेली. मी माझ्या स्कूटीवर. मला पूर्ण रस्ताभर तुमच्या मागून पायी चालल्यासारखी गाडी चालवावी लागली. वाटेत मी ठरवत होते की काय काय सबबी सांगायच्या. तुम्ही एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. मी येणारच याची तुम्हाला कुठून खात्री होती, कोण जाणे.

इमारतीत पोचल्यावर मी खाली पाण्याच्या टाकीकडे वळले, तर तुम्ही म्हणालात, "आधी वर." आपण पहिल्या मजल्यावर गेलो. सबनीसबाईंची मुलगी सायली दहावीत होती. कॉटवर पडली होती, डोळे पिवळेधमक, आणि पोटावर भूमितीचं पुस्तक उघडं. कावीळ. त्या इमारतीत तिच्यासकट चौघांना झाली होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती आणि डॉक्टरांनी तिला उठायची मनाई केली होती. पाण्याला वास येतो म्हणून रहिवाशांनी तुम्हाला बोलावलं होतं, आणि तुम्ही कनेक्शनचे कागद मागितलेत तेव्हा त्यात माझी सही निघाली होती.

सबनीसबाईंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "या कोण? इंजिनियर का?"

तुम्ही म्हणालात, "सही ह्यांची हाय."

त्या आत गेल्या, उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या आणि माझ्यापुढे धरत म्हणाल्या, "बघितली मी झेरॉक्स. अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

काका, मला आयुष्यात पुष्कळ लोक बोलले आहेत. ठेकेदार बोललेत, साइटवर शिट्ट्या वाजवल्यात, नातेवाईक बोललेत. पण त्या एका वाक्याने मी जशी उभी सोलली गेले तशी कधीच नाही. मला तिथून पळून जायचं होतं. तुम्ही मात्र पाणी प्यायलात, सायलीला विचारलंत, "प्रमेयं झाली का गं पाठ?" आणि मला घेऊन खाली आलात.

खाली तुम्ही मला काहीच सांगितलं नाहीत. पायऱ्यांवर बसलात. "शोधा," एवढंच म्हणालात. मला वाटलं टाकी, टाकीत काही नव्हतं. वाटलं बोअरची लाइन मिसळली असेल, तर बोअरच नव्हती. तासाभराने मी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण पहारीने उचकटलं आणि आत बघितलं. पिण्याच्या पाण्याची लाइन त्या चेंबरमधून आरपार गेली होती. खणायचा कंटाळा केला होता कुणीतरी. लोखंडी पाइप त्या घाणीत गंजला होता आणि त्याला सुईएवढं भोक पडलं होतं. नळाला पाणी यायचं तेव्हा त्या भोकातून बाहेर उडायचं, आणि पाणी गेलं की चेंबरमधलं तेच आत ओढलं जायचं. माझ्या नकाशात ती लाइन चेंबरपासून चांगली लांब, झोकात वळवलेली होती.

"सापडलं," मी म्हणाले.

"सापडलं तर घ्या पाना," तुम्ही म्हणालात. "सही तुमची, तर हातबी तुमचेच."

दोन दिवस लागले. ओढणी कमरेला बांधून मी माती काढली, जुनी लाइन तोडली, आणि भिंतीच्या बाजूने, जमिनीच्या वर क्लॅम्प मारत नवी लाइन आणली. शेवटचा थोडा भाग जिन्याखालच्या भिंतीत घ्यावा लागला. माझे आटे वाकडे पडायचे. तुम्ही उठून एकदाही माझ्या हातातून पाना काढून घेतला नाहीत. "परत," म्हणायचात. पाचव्यांदा नीट जमलं तेव्हा, "हां," म्हणालात. तो 'हां' माझ्या पहिल्या पगाराइतका मला आठवतो.

आणि मग तुमची ती पद्धत मी पहिल्यांदा पाहिली. भिंतीत लाइन घेतली की इतर प्लंबर लगेच गवंड्याला हाक मारतात. तुम्ही लाइनीत पाणी भरून ठेवायचात, प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळायचात, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बोलवायचात. म्हातारे, पोरंबाळं, सगळ्यांना. "या, हात लावून बगा. कोरडं हाय का? नीट बगा, आता बुजवतो. एकदा बुजवलं की कुनाला काय दिसायचं न्हाई, फक्त विश्वास ऱ्हाईल." त्या दिवशी हे तुम्ही मला म्हणायला लावलंत. सगळी इमारत जिन्याखाली जमली होती. "बघून घ्या," कशीबशी म्हणाले, "आता बुजवते." लोकांनी वाकून बघितलं आणि बाजूला झाले. सबनीसबाई सर्वांत शेवटी आल्या. त्यांनी पदराला हात कोरडे केले आणि एकूण एक जोडावरून बोट फिरवलं. सायलीची मार्चची परीक्षा हुकली ती हुकलीच. ती ऑक्टोबरला बसली. पास झाली, पण तिच्या मैत्रिणी तोवर पुढे निघून गेल्या होत्या, आणि ते माझ्यामुळे झालं.

लाइन बुजवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉन्ट्रॅक्टरची नोकरी सोडली आणि नऊ वाजता तुमच्या साइटवर आले. जुन्या कपड्यांत. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि म्हणालात, "वर्षभर उशीर झाला."

हा खरा क्रम आहे. आधी परवाना, मग ती इमारत, आणि मग शिक्षण.

ती दोन वर्षं मात्र काय मजेची होती हो! तुमच्याबरोबर मी निम्मं कोथरूड आतून पाहिलं. वरच्या मजल्याचं पाणी खालच्या छतात उतरलं की दोन्ही घरं आधी एकमेकांना पत्रं लिहायची, मग वकिलांचे सल्ले घ्यायची, आणि शेवटी तुम्हाला बोलवायची. तुम्ही वरच्या न्हाणीघरात तांब्याभर नीळ ओतायचात आणि खालच्या घरात खुर्ची घेऊन छताकडे बघत बसायचात. निळं उतरलं की वरचे दोषी. एकदा पाऊण तास झाला तरी छत पांढरंच, आणि खालच्या निवृत्त प्राचार्यांच्या स्वतःच्याच बेसिनखाली निळं थारोळं! त्यांच्या बेसिनचा पाइप कुणीतरी वरच्या लाइनीत घुसवला होता, आणि तिथला जोड त्यांच्याच बाजूला सुटला होता. वरच्यांना त्यांनी सात पत्रं पाठवली होती. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "सर, आता आठवं लिहा. माफीचं." ते चिडले नाहीत. लिहिलं त्यांनी.

नव्या मुलांचंही तुम्हाला कौतुक होतं. अर्ध्या चड्डीत लॅपटॉप घेऊन बसलेला एखादा मुलगा म्हणायचा, "अंकल, एस्टिमेट मेल कराल?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवायचात. "ह्या करतील. ह्यांचं अक्षर चांगलं हाय." तो टोमणा तुम्ही वीस वर्षं पुरवून पुरवून वापरलात.

आपला प्लॅस्टिकच्या पाइपांवरचा वाद तर अर्धाच राहिला. मी म्हणायचे, लोखंड गंजतं, नवीन प्लॅस्टिकचे पाइप घ्या, चिकटवलं की काम झालं. तुम्ही म्हणायचात, "चिकटवलेलं आन् जोडलेलं ह्यात फरक हाय. आटे हाताला कळत्यात." मी सबनीसबाईंच्या चेंबरची आठवण द्यायचे. तिथे प्लॅस्टिक असतं तर गंजलं असतं का? तुम्ही म्हणायचात, "लाइन गटारातून नेली नसती तर लोखंडबी टिकलं असतं. दोष मालाला देऊ नका." आज सगळं पुणं प्लॅस्टिकवर आहे, काका. वाद मी जिंकले. आणि तरीही तुमचंच बरोबर होतं. दोष मालाला देता येत नाही.

सासूबाईंचं सांगितलं पाहिजे. त्या नंतर नंतर आमच्या नळाला मलाही हात लावू द्यायच्या नाहीत. "ओव्हाळांना बोलव," म्हणायच्या. मी परवानाधारक, याच घरात राहणारी, तरी. तुम्ही यायचात, वॉशर बदलायचात, आणि मग दोघं गॅलरीत बसून चहा पीत महागाईवर बोलायचात. त्या गेल्या तेव्हा तुम्ही आलात आणि सगळ्यांच्या मागे उभे राहिलात. मी तुम्हाला पुढे बोलावलं तर म्हणालात, "दिसतंय मला हितनं."

आता ते, जे माझ्याने लिहवत नाही.

तुमच्याकडे दोन वर्षं पुरी झाली त्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून घरी आलात. खिशातून कोरा कागद काढलात. "लिव्हा," म्हणालात. "तुमच्या अक्षरात. दोन वर्षं समाधानकारक काम केलं. सही करतो."

आणि मी हसले. "आता काय करू त्याचं, काका? परवाना तर कधीच मिळालाय."

तुम्ही "बरं" म्हणालात. कागदाची घडी घातलीत, परत खिशात ठेवलीत. चहा घेतलात आणि गेलात. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत. मला त्या वेळी काही वाटलंसुद्धा नाही. मला वाटलं, गंमत झाली. तुम्ही मात्र त्यासाठी शर्टाला इस्त्री करून आला होतात. जो माणूस कुणाचंही काम न पाहता सही करायचा नाही, तो स्वतःहून सही घेऊन माझ्या दारात आला होता, आणि मी ती नको म्हणाले. याची मी तुमची माफी मागितली नाही. मागायला हवी होती, आणि वेळ तर वीस वर्षांचा होता.

एकदा विचारलं होतं मी तुम्हाला, तुम्ही माझी तक्रार का नाही केलीत म्हणून. एका चिठ्ठीने माझा परवाना गेला असता. तुम्ही जिन्यात बसून डबा खात होता. म्हणालात, "गेला असता. मंग कॉन्ट्रॅक्टरनं तुमच्या जागी दुसरी सही बसवली असती. सह्या लई हायती पुण्यात. मला हात पायजे होता." आणि पुढे भाकरी मोडत, "तुमी पळून गेला असता तर केली असती तक्रार." हेही तुम्ही खरं बोललात याची मला खात्री आहे.

पण लोक जेव्हा तुम्हाला विचारायचे, "ह्या तुमच्याकडेच शिकल्या ना? तुमच्या हाताखालीच लायसन मिळवलं ना?" तेव्हा तुम्ही काय म्हणायचात, हे मला परवा, मांडवात बसल्यावर लक्षात आलं. तुम्ही म्हणायचात, "माझ्याकडंच शिकल्या." एवढंच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कधी दिलंच नाहीत. प्रत्येक वेळी अर्ध्या वाक्यावर थांबायचात आणि पाना उचलायचात. मला वाचवलंत, आणि खोटंही बोलला नाहीत. बाकीचं अर्धं वाक्य तुम्ही माझ्यासाठी ठेवलं होतंत, आणि मी ते वीस वर्षं उचललं नाही. लोक टाळ्या वाजवायचे, मी हसायचे. संघटनेनं मला व्यासपीठावर बसवलं, नव्या मुलींना माझं उदाहरण दिलं. मी प्रत्येक वेळी खाली बघितलं.

शेवटी वाघोलीला मुलाकडे राहायला गेलात. सातव्या मजल्यावर, टँकरच्या पाण्यावर. ज्यानं निम्म्या कोथरूडला नळाचं पाणी दिलं त्याला टँकरचं. मी चिडून बोलले तर तुम्ही म्हणालात, "पोराचं घर हाय, लाइन त्यानं बगावी." गेल्या महिन्यात मी आले तेव्हा तुम्ही पलंगावर होता. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि तुम्ही थेंब मोजत होता. मी उठले तर म्हणालात, "बसा हो. ऱ्हाऊ द्या. आवाज बरा वाटतोय." सगळ्या जगाचे ठिबकणारे नळ बंद करणारे तुम्ही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

त्या सकाळी तुम्हाला न्यायच्या आधी तुमचा मुलगा म्हणाला, "ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी बघून घ्या." त्याला ते शब्द कुणाचे आहेत हे जाणवलं असेल का, माहीत नाही. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी पुढे झाले आणि सवयीने हात लावला. तुमचा उजवा तळवा, पान्याने पडलेल्या घट्ट्यांचा. कोरडा होता. कोरडं लागल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदाच रडले.

तर काका, हे मी अध्यक्षांना देणार आहे, आणि म्हणणार आहे की एक शब्द न गाळता छापा, नाहीतर छापू नका. एक प्रत पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात स्वतः नेऊन देईन. माझा परवाना ज्या दाखल्यावर मिळाला तो दाखला खोटा होता. परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा ते त्यांनी ठरवावं. माझी लेक म्हणाली, "आई, वीस वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय आता?" कुणी विचारत नाहीये. तुम्हीही विचारलं नव्हतंत. कोरा कागद घेऊन आला होतात फक्त.

पण पहिली प्रत कोथरूडला जाईल. पहिल्या मजल्यावर. सबनीसबाई चष्मा लावतील, हात पदराला पुसतील आणि ओळ न् ओळ बोट ठेवून वाचतील. कुठे ओल लागली तर सांगतील, त्या सोडायच्या नाहीत. त्या 'कोरडं आहे' म्हणेपर्यंत, काका, मी हे बुजवत नाही.